ऐच्छिक विषय

2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत माझी थोरली नागपूरहून घरी आली ती धुवायच्या कपड्यांची बॅग आणि एक छापील यादी घेऊन. सिव्हिल इंजिनिअरिंगचं तिचं तिसरं वर्ष चालू होतं. पुढच्या सत्रात दोन विषय तिने स्वतः निवडायचे होते. एक आपल्याच शाखेतला आणि एक दुसऱ्या कुठल्याही शाखेतला. महिनाअखेरपर्यंत कॉलेजच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, नाहीतर कॉलेज देईल तो विषय घ्यायचा.

आमच्या वेळी ऐच्छिक विषय म्हणजे काय असायचं? बी.ए.ला मी भूगोल मागितला होता. प्रॅक्टिकलला थांबावं लागेल, घरी परतायला अंधार पडेल, म्हणून अम्मीने नको म्हटलं. मग जो विषय दुपारी बारा वाजता सुटायचा तो मी घेतला. बी.एड.ला दोन अध्यापन पद्धती निवडायच्या होत्या. उर्दू आणि मराठी या दोन मेथड मी घेतल्या, आणि ती माझी आयुष्यातली पहिली खरी निवड. अल्हम्दुलिल्लाह, त्याच दोन भाषांवर आज वीस वर्षं शाळेत उभी आहे. तेव्हा ‘ऐच्छिक’ या शब्दात किती इच्छा आपली असते आणि किती दुसऱ्यांची, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही त्या सुट्टीत मी काय केलं ते पुढे सांगते.

आधी ही पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला गेली की पालकांचं लक्ष फी, हॉस्टेल आणि शेवटी नोकरी एवढ्यावरच असतं. मधल्या चार वर्षांत काय शिकतात, हे आपण विचारतच नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2018 साली जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात चार वर्षांचे मिळून 160 क्रेडिट धरले आहेत. आठवड्याला तीन तास शिकवला जाणारा विषय साधारण तीन क्रेडिटचा. या 160 पैकी 18 क्रेडिट आपल्या शाखेतल्या ऐच्छिक विषयांना आणि 18 खुल्या ऐच्छिक विषयांना. कॉलेजगणिक आकडे थोडे मागेपुढे होतात. पण 36 क्रेडिट म्हणजे बारा विषय झाले. पदवीचा जवळजवळ पाव हिस्सा मुलांच्या हातात असतो. आणि तो ठरतो कसा? वरच्या वर्गातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं की अमक्या सरांच्या विषयात मार्क सुटतात.

यादीत सिव्हिलचे विषय होते. जमिनीची मजबुती वाढवण्याच्या पद्धती, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस, घनकचरा व्यवस्थापन. त्यातला पहिला तिने घेतला, त्यावर वाद नव्हता. वाद दुसऱ्यावर. खुल्या यादीत कॉम्प्युटर विभागाचा मशीन लर्निंगची ओळख करून देणारा विषय होता, तिच्या वर्गातली बहुतेक मुलं त्याच रांगेत उभी. आणि खाण विभागाचा एक विषय होता: खडकांचं यंत्रशास्त्र आणि भुयारी खोदकाम. तिने तिथे पेनाने गोल केला होता.

आमच्या ‘ह्यां’चं सेंटरिंगचं सामान भाड्याने देण्याचं दुकान आहे. प्लेटा, बल्ल्या, जॅक. रोज ठेकेदारांशी आणि इंजिनिअरांशी बोलणं. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, “माझ्या दुकानात येणारा माणूस स्लॅब कधी भरायचा ते विचारतो. बोगदा कधी खोदायचा, असं आजवर कुणी विचारलं नाही.” मग गंभीर होऊन म्हणाले, “बेटा, कर्ज काढलंय आपण. कॉम्प्युटरचा विषय घेतलास तर सिव्हिलची नाही मिळाली तरी दुसरीकडे नोकरी मिळेल. दोन दरवाजे उघडे राहतील.” त्यांचं चूक नव्हतं. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या माणसाला दरवाजे मोजावेच लागतात.

माझा विरोध वेगळा होता, आणि तो मी तिच्यासमोर नीट मांडलाही नाही.

माझे अब्बा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत टिंबर मिस्त्री होते. खाणी सरकारी झाल्या 1973 साली, त्याच्याही आधीपासून. टिंबर मिस्त्रीचं काम म्हणजे कोळसा काढून पुढे गेल्यावर मोकळ्या झालेल्या छताला लाकडाचे खांब देणं, जिथे जास्त भीती तिथे लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचून चौथरा उभा करणं. छताला खाणीत ‘चाल’ म्हणतात. चाल पडली, एवढे दोन शब्द आमच्या कॉलनीत कुणी उच्चारले की बायका हातातलं काम टाकून दारात येत. मी चौथीत होते तेव्हा एका रात्रपाळीत चाल पडली. अब्बांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. त्यांच्या शेजारी काम करणारे चाचा गेले. त्यांच्या घरचा आणि आमचा रमजानचा दस्तरखान एकच असायचा. ज्या दिवशी अब्बा काठी टेकत पुन्हा कामावर गेले त्या दिवशी ते अम्मीला म्हणाले, “या घरातून खाली जाणारा मी शेवटचा.” भावाने इलेक्ट्रिशियनचं काम शिकून आखात गाठलं. मी शिक्षिका झाले. अब्बांचा शब्द राहिला.

आणि आता त्यांची नात त्या विषयावर गोल करून आली होती.

मी तिला म्हटलं, “हा मुलींचा विषय नाही.” माझ्या तोंडून हे वाक्य निघालं, यावर मला स्वतःलाच विश्वास बसला नाही. शाळेत दहावीच्या मुलींना मी दरवर्षी याच्या उलट सांगते. तिने शांतपणे मोबाइलवर मला एक माहिती दाखवली. 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला मनाई होती; 2019 च्या जानेवारीत सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी ती सैल केली. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, लेखी संमतीने, एकटीला न पाठवता. 2021 साली झारखंडच्या चुरी या भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी नावाची अभियंता रुजूही झाली. आणि आपल्या नागपूरच्याच चंद्राणी प्रसाद वर्मा: खाण अभियांत्रिकीला प्रवेश मिळावा म्हणून त्यांना कोर्टात जावं लागलं होतं, पुढे त्या खाण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. “आणि अम्मी, मी खाणीत नोकरी करायला निघालेच नाही. एक विषय घेतेय. तीन क्रेडिटचा.”

“मग कशाला घेतेस?”

तिने घुग्घुसची आठवण काढली. आमच्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. घरातली माणसं हादरे जाणवून आधीच बाहेर आली होती म्हणून वाचली. खाली जुनी कोळसा खाण होती. भूमिगत खाणीत कोळशाचे मोठे चौकोनी खांब मागे ठेवून मधून गल्ल्या काढतात, शाळेच्या वहीतल्या चौकटींसारख्या. पुढे ते खांबही काढून घेतात आणि मागची चाल पडू देतात, किंवा पोकळीत वाळू भरतात. वाळू नीट भरली नाही, किंवा सोडलेले खांब काही दशकांनी झिजून ढासळले, तर वरची जमीन खचते. कधी इंच-इंच, कधी एकदम.

“आम्हाला घर कसं बांधायचं ते शिकवतात,” ती म्हणाली. “घराखाली काय आहे ते खाणवाले शिकतात. घुग्घुसचं ते घर कुणाच्या पुस्तकात येतं, अम्मी? आमच्या की त्यांच्या? मला या दोन्हीच्या मधलं शिकायचंय. आपण इथेच राहतो ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी अब्बांनी विचारलं, “पोरगी कोणता विषय घेते म्हणाली?” मी म्हटलं, “कॉम्प्युटरचा.”

खोटं बोलले. अस्रची नमाज पढून उठले होते आणि लगेच खोटं बोलले. त्यांच्या छातीत पंचवीस-तीस वर्षांची कोळशाची धूळ आहे, थंडीत दम लागतो, त्यांना त्रास नको, अशी माझी मी समजूत घातली.

त्याच दिवाळीच्या पहाटे, 12 नोव्हेंबरला, उत्तराखंडात उत्तरकाशीजवळ सिल्क्यारा बोगद्याचा भाग कोसळून 41 मजूर आत अडकले होते. सुट्टीभर घरात टीव्हीवर तेच. अब्बा एरवी बातम्या बघत नाहीत. आता पहाटेपासून खुर्ची टीव्हीसमोर. ते काही बोलत नव्हते. फक्त मोठमोठी यंत्रं दाखवली की मान हलवायचे. त्यांनी एकदा एवढंच विचारलं, “आत पाणी आहे का? पाणी नसेल तर माणसं जगतील.” खाणीतल्या माणसाला पाण्याचीच धास्ती असते. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनाला खाणीत शेजारच्या बंद पडलेल्या जुन्या खाणीचं पाणी फुटून आलं आणि 370 हून जास्त कामगार गेले. पुढे ‘काला पत्थर’ सिनेमा त्यावरून निघाला. आमच्या कॉलनीत तो सिनेमा अनेकांनी पाहिला, अब्बांनी पाहिला नाही. पाण्यातून माणसं परत आली तीही त्यांना ठाऊक. 1989 च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा जसवंत सिंग गिल नावाच्या खाण अभियंत्याने वरून भोक पाडून, त्यातून पोलादी पिंजरा सोडून 65 जणांना वर काढलं. स्वतः गिल त्या पिंजऱ्यातून खाली उतरले होते. ही गोष्ट अब्बांनी आम्हाला लहानपणी कितीदा सांगितली असेल.

सिल्क्याराचं परदेशी ड्रिलिंग यंत्र ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून तुटलं, तेव्हा राहिलेलं दहा-बारा मीटरचं अंतर कापायला माणसं बोलावली गेली. रॅट होल मायनर म्हणतात त्यांना. वकील हसन यांची माणसं, त्यांत मुन्ना कुरेशी, फिरोज कुरेशी आणि त्यांचे हिंदू साथीदार. सुमारे 800 मिलिमीटरच्या पाइपात शिरून हाताने खोदत, माती मागे ढकलत, 28 नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते पलीकडे पोहोचले. सतरा दिवसांनी सगळे 41 जिवंत बाहेर. गंमत बघा, याच पद्धतीने कोळसा काढायला मेघालयात राष्ट्रीय हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातलेली. बंदी योग्यच आहे. पण त्या दिवशी तीच विद्या कामी आली.

थोरली तेव्हा नागपूरला परत गेली होती. रात्री तिचा फोन आला. विषयाला किमान वीस मुलं लागतात आणि नावं तेराच आली आहेत, उद्या संध्याकाळी पोर्टल बंद होणार. वीस झाली नाहीत तर विषयच रद्द, आणि या तेरांना उरलेल्या जागांवर ढकलणार. मला क्षणभर बरं वाटलं, हे लपवत नाही. मग तिचा आवाज ऐकला. मी म्हटलं, “मग फोनवर काय रडतेस? सात जणांना गाठ.” तिने गाठले. शेवटचे दोघे म्हणे सिल्क्यारा बघून आले.

आता थोडं शिक्षिका म्हणून. ज्यांच्या घरात मुलं या वळणावर आहेत त्यांनी विषयाचं नाव ऐकून घाबरू नये आणि नावावर भाळूही नये. तीन-चार गोष्टी मुलांना विचाराव्यात. हा विषय समजायला आधी काय शिकलेलं लागतं? प्रयोगशाळा आहे की फक्त फळा? कोण शिकवणार? पुढे गेट परीक्षा द्यायची असेल तर त्या पेपरात याचा काही भाग येतो का? (गेटमध्ये सिव्हिलचा पेपर वेगळा, मायनिंगचा वेगळा, पण माती आणि पाया यांचा अभ्यास सिव्हिलच्या पेपरात भरपूर असतो.) एखाद्या दुसऱ्या शाखेत खरोखर रस असेल तर वरचे 18 ते 20 क्रेडिट घेऊन ‘मायनर’ पदवीही करता येते. आणि कॉलेजात विषय नसेल तर स्वयम् किंवा एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या मोफत ऐकता येतात, परीक्षेची तेवढी फी. कॉलेजने मान्य केलं तर त्याचे क्रेडिटही धरतात. माझ्या थोरलीने नाव नोंदवण्याआधी दोन आठवडे असं ऐकून घेतलं होतं. म्हणजे आम्ही घरात भांडत होतो तेव्हा तिची तयारी चालूच होती.

जानेवारीत वर्ग सुरू झाले. फोनवर ती मला सांगायची, मी भाजी निवडत ऐकायची. जमिनीत भोक पाडून खडकाचा जो लांब गोल तुकडा वर काढतात त्याला कोर म्हणतात. एक मीटर कोर काढला, तर त्यातले दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असे तुकडेच मोजायचे. समजा 25, 18, 14 आणि 12 सेंटिमीटरचे चार तुकडे निघाले, बाकी सगळा चुरा आणि खडे. बेरीज 69. म्हणजे शंभरात 69, मध्यम खडक. 90 च्या वर असेल तर उत्तम, 25 च्या खाली अगदीच टाकाऊ. याला आरक्यूडी म्हणतात. मला हे फार आवडलं. खडकाचे मार्क! आणि तुटक्या तुकड्यांना शून्य.

मार्चमध्ये एक दिवस तिने मला न विचारता सरळ नानाअब्बांना फोन लावला. मी बाजूलाच होते. स्पीकर चालू. “नानाअब्बा, सरांनी सांगितलं की खाणीतले जुने लोक काठीने चाल ठोकून आवाजावरून ओळखायचे. तुम्ही ओळखायचात का? माझ्या ऐच्छिक विषयात आहे हे.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहून म्हणाले, “ओळखायचो.” आणि पाऊण तास बोलले. पक्की चाल टणटण वाजते, सुटलेली चाल ढब-ढब करते, रिकाम्या डब्यासारखी. एका हाताने ठोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवायची, कारण कान चुकतात, बोटं चुकत नाहीत. लाकडाचा खांब पडण्याआधी कुरकुरतो, म्हणून लाकूड चांगलं. लोखंड न सांगता जातं. चाचा गेले त्या रात्री त्यांनी ठोकून पाहिलं होतं का, हेही तिने विचारलं. मी जागच्या जागी थिजले. आम्ही भावंडांनी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. अब्बा म्हणाले, “मी ठोकलं होतं. आवाज खराब होता. वरच्याला सांगितलं. तो म्हणाला, चार टब भरून घ्या, मग बघू.”

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिच्याशी रोज बोलत होते. चौथ्या दिवशी मगरीबनंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि माफी मागितली. ते म्हणाले, “खाली जाऊ नये असं मी म्हटलं होतं. खालचं कळू नये असं नव्हतं म्हटलं.”

एप्रिलमध्ये रीतसर परवानगी काढून तिच्या वर्गाला दिवसा एका भूमिगत खाणीत नेलं. ती निघाली तेव्हापासून परत वर येईपर्यंत मी शाळेत सहावीच्या वर्गाला दोनदा तोच धडा वाचायला लावला. स्कार्फवर हेल्मेट आणि त्यावर दिवा, असा तिचा फोटो आला. अब्बांनी तो मोठा करून बघितला आणि विचारलं, “बॅटरी कुठे?” त्यांच्या काळी कमरेला विटेएवढी जड बॅटरी असायची, ॲसिडने पँटला भोकं पडायची. आता सगळं दिव्यातच बसतं, हे कळल्यावर ते बराच वेळ हसले.

निकाल लागला. या विषयात तिला बी ग्रेड मिळाला, मशीन लर्निंग घेतलेल्या तिच्या मैत्रिणींना ए. एकूण सीजीपीए थोडा उतरला. ह्यांनी आकडा पाहिला, काही बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात दुकानात आलेल्या एका इंजिनिअरला त्यांनी विचारलं की आमच्या वॉर्डाच्या खाली खाण किती खोल आहे. त्याला सांगता आलं नाही. मग थोरलीने सांगितलं की भूमिगत कामाचे नकाशे कुठे मागायचे असतात, आणि ते दोघे बापलेक अर्ज लिहायला बसले. नोकरीचं अजून ठरलेलं नाही. ती गेटचा फॉर्म भरते आहे, सिव्हिलचाच.

मागच्या सुट्टीत तिने प्रयोगशाळेतले टाकून दिलेले कोरचे दोन तुकडे मागून आणले. वाळूच्या दगडाचे, मनगटाएवढे जाड. अब्बांनी ते खिडकीत उन्हात ठेवले. चष्मा काढला, काठीच्या टोकाने एकावर हळूच ठोकलं, डाव्या हाताची बोटं दगडाला लावून ठेवली. “ही पक्की,” म्हणाले. दुसऱ्यावर ठोकलं, पुन्हा ठोकलं, मान हलवली. थोरलीने उलटून पाहिलं तर खालच्या बाजूला केसाएवढी चीर होती. तिने वही काढली आणि म्हणाली, “नानाअब्बा, पुन्हा एकदा ठोका, मी रेकॉर्ड करते.”